अभिजात स्पोर्ट्स कारच्या सुकाणू स्तंभाची फेरजुळणी

सुकाणू स्तंभ म्हणजे मोटारगाडीतील सुकाणू चक्राची फिरण्याची गती पुढच्या चाकांना वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारा दंडांचा, नळ्यांचा व जोडांचा संच होय. व्यवहारात यास ‘स्टिअरिंग कॉलम’ म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स कारच्या जीर्णोद्धारात हा संच पूर्णपणे सोडवून, स्वच्छ करून व झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडला जातो. या कामास सुकाणू स्तंभाची फेरजुळणी असे म्हणतात.

ही फेरजुळणी यांत्रिकदृष्ट्या फार गुंतागुंतीची नसली, तरी तिच्यातील चूक उभ्या गाडीत सहसा दिसून येत नाही. इंजिनाच्या जुळणीत दोष राहिल्यास इंजिन सुरू होत नाही किंवा आवाज करते. सुकाणू स्तंभाचा एखादा जोड अर्धवट बसला असला, तरी उभ्या गाडीत चक्र फिरते व चाके वळतात. तो जोड सुटतो तो चालत्या गाडीत. त्यामुळे या कामात प्रत्येक पायरीनंतर पडताळणी करणे हा जुळणीचाच भाग मानला जातो. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड व चाकण हा वाहननिर्मितीचा प्रमुख पट्टा असून, नव्या गाड्यांच्या जुळणीत यंत्रांद्वारे घेतली जाणारी हीच काळजी जुन्या गाडीच्या बाबतीत कारागिराला हाताने घ्यावी लागते.

रचना

सुकाणू स्तंभाचे स्थूलमानाने पाच भाग पडतात.

बाह्यनळी ही डॅशबोर्डच्या खाली कंसांच्या साहाय्याने पक्की केलेली असते व ती फिरत नाही. तिच्या आत आतील दंड फिरतो. दंड व नळी यांमध्ये बुश किंवा बेअरिंग असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे बुश नमदा, रबर किंवा नायलॉनचे असत. दंडाच्या वरच्या टोकावर निमुळता किंवा बारीक उभ्या खाचांचा भाग असून त्यावर सुकाणू चक्र बसते. या खाचांना कारखान्यात ‘स्प्लाइन’ म्हणतात. दंडाच्या खालच्या टोकाला लवचीक कपलिंग किंवा युनिव्हर्सल जॉइंट असतो व त्यातून गती सुकाणू यंत्रणेस मिळते.

सुकाणू यंत्रणा मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात सुकाणू पेटी असते. तिच्यातील मळसूत्री दंडामुळे एक भुजा हलते व ती चाकांच्या दांड्या ओढते. दुसऱ्या प्रकारात लहान दंतचक्र एका दातेरी पट्टीला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवते. हा प्रकार ‘रॅक आणि पिनियन’ या नावाने परिचित आहे. एमजी टीसी (१९४५–४९) या गाडीत पहिल्या प्रकारची बिशप कॅम पेटी होती. तिच्यानंतर आलेल्या एमजी टीडीमध्ये रॅक आणि पिनियन यंत्रणा आली. जॅग्वारच्या एक्सके १२० मध्ये पेटी होती, तर १९५४ मध्ये आलेल्या एक्सके १४० मध्ये रॅक होता. मर्सिडीज-बेंझच्या १९६३ ते १९७१ या काळात बनलेल्या एसएल मालिकेत, म्हणजेच ‘पॅगोडा’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या गाड्यांत, फिरत्या गोळ्यांची पेटी वापरलेली होती. फेरजुळणी करताना गाडीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे, यावर मध्यबिंदू शोधण्याची पद्धत ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९६० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांचा सुकाणू स्तंभ हा सुकाणू पेटीपासून चालकाच्या छातीपर्यंत येणारा एकसंध पोलादी दंड होता. समोरासमोर टक्कर झाल्यास गाडीचा पुढचा भाग मागे सरके आणि त्याबरोबर हा दंडही चालकाच्या दिशेने सरके. चालकांच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण होते.

मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनी यांनी सुरक्षित सुकाणू स्तंभाच्या कल्पनेवर दीर्घकाळ काम केले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेल-वर्षापासून ऊर्जा शोषून घेणारा स्तंभ वापरात आणला. या स्तंभाची बाह्यनळी जाळीदार असून आघाताने ती दुमडत असे आणि आतील दोन भागांचा दंड एकमेकांत सरकत असे. हे दोन भाग प्लॅस्टिकच्या लहान पिनांनी जागेवर धरलेले असत व ठरावीक बळापुढे त्या पिना तुटत. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या संघराज्य सुरक्षा मानकांनुसार, ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळल्यास सुकाणू स्तंभ १२७ मिलिमीटरपेक्षा अधिक मागे सरकू नये, असे बंधन आले. अमेरिका ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मोठी बाजारपेठ असल्यामुळे एमजीबीसारख्या गाड्यांच्या तेथे जाणाऱ्या आवृत्त्यांनाही कोसळता स्तंभ बसवावा लागला.

यामुळे अभिजात स्पोर्ट्स कारचे फेरजुळणीच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. एकसंध दंडाच्या गाड्यांत जोडांची मजबुती व मध्यबिंदू एवढेच पाहावे लागते. कोसळत्या स्तंभाच्या गाड्यांत त्याबरोबरच स्तंभाची कोसळण्याची क्षमता शाबूत ठेवणे हीदेखील जुळणी करणाऱ्याची जबाबदारी ठरते.

भारतीय संदर्भ

भारतात पूर्ण अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येतील अशा गाड्यांचे उत्पादन १९५० व १९६० च्या दशकांत झाले नाही. या काळातील एमजी, जॅग्वार, ट्रायम्फ, मर्सिडीज-बेंझ इत्यादी गाड्या आयात होऊन आल्या. मात्र त्यांपैकी एका गाडीच्या सुकाणू स्तंभाशी भारतीय कारागिरांचा परिचय वेगळ्या मार्गाने झाला. मद्रास (आताचे चेन्नई) येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनवली. ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच सांगाड्यावर आधारलेली असल्याने दोन्ही गाड्यांची सुकाणू रचना एकाच धाटणीची आहे. त्यामुळे हेराल्डवर काम केलेल्या गॅरेजमधील कारागिराला स्पिटफायरचा स्तंभ अपरिचित वाटत नाही.

पुणे परिसरात वाहनउद्योगाची वाढ मुख्यतः १९६० च्या दशकापासून झाली. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज ऑटो व बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) या कंपन्यांचे कारखाने पिंपरी व आकुर्डी परिसरात उभे राहिले. १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही वाहनचाचणी संस्था स्थापन झाली. भोसरी येथे केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. मर्सिडीज-बेंझ इंडिया कंपनीची स्थापना १९९४ मध्ये झाली. तिच्या गाड्यांची जुळणी प्रथम पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात होत असे व २००९ मध्ये ती चाकणला हलवण्यात आली. त्याच वर्षी फोक्सवागनचा चाकण येथील कारखाना सुरू झाला. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही सुकाणू यंत्रणा बनवणारी कंपनी आहे.

या कारखान्यांच्या भोवती भोसरी, चिंचवड व चाकण भागांत सुटे भाग बनवणारे असंख्य लघुउद्योग वाढले. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग व दंतचक्र कापणीची कामे तेथे सहज होतात. जुन्या गाडीचा मिळेनासा झालेला बुश किंवा कंस करून घेणे यामुळे शक्य होते. तथापि, सुकाणू दंड, स्प्लाइन व जोड हे भाग या सोयीला अपवाद मानले जातात. आखूड झालेला दंड तुकडा जोडून वेल्डिंगने लांब करणे किंवा झिजलेल्या स्प्लाइनवर वेल्डिंगचा थर देऊन त्या पुन्हा कापणे, हे उपाय तांत्रिकदृष्ट्या सुलभ असले तरी घातक आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादावर केलेल्या उष्णोपचाराचा परिणाम नाहीसा होतो. जोडाच्या कडेचा भाग ठिसूळ किंवा मऊ होतो व वारंवार पीळ पडून तेथे तडा जाण्याचा संभव असतो. असे भाग दुरुस्त न करता बदलले जातात.

सोडवण्यापूर्वीच्या नोंदी

फेरजुळणीची अचूकता बरीचशी स्तंभ सोडवण्यापूर्वी घेतलेल्या नोंदींवर अवलंबून असते. चाके सरळ ठेवून सुकाणू चक्र व दंड, दंड व कपलिंग, तसेच कपलिंग व पिनियन यांवर रंगाने किंवा बारीक रेघेने जुळत्या खुणा केल्या जातात. बाह्यनळीची कंसांमधील जागा, स्तंभाची एकूण लांबी, चकत्यांचा क्रम व त्यांची संख्या लिहून ठेवली जाते. कंसाखाली किंवा रॅकखाली ठेवलेल्या पातळ चकत्या क्षुल्लक वाटल्या, तरी स्तंभ व पिनियन यांची अक्षरेषा जुळवण्यासाठी कारखान्यात त्या मोजून बसवलेल्या असतात.

सुकाणू चक्र काढताना पुलर वापरला जातो. दंडाच्या टोकावर हातोडा मारून चक्र सैल करण्याची प्रथा एकसंध दंडाच्या गाडीतही योग्य नाही, कारण आटे चेपतात व आघात थेट पेटीच्या बेअरिंगवर पडतो. कोसळत्या स्तंभात तर अशा आघाताने आतील प्लॅस्टिकच्या पिना तुटू शकतात. पिना तुटल्यावर स्तंभ बाहेरून अखंडच दिसतो, परंतु दंड लांबीच्या दिशेने हलू लागतो. असा स्तंभ ओढून पूर्वीच्या लांबीवर आणून वापरणे धोक्याचे असल्याने तो बदलावा लागतो. म्हणून स्वच्छतेनंतर सर्वप्रथम स्तंभाची लांबी निर्मात्याच्या कार्यशाळा-पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहिली जाते.

आतील दंड दोन ठोकळ्यांवर ठेवून फिरवल्यास त्यातील वाक लक्षात येतो. स्प्लाइनच्या कडा, कपलिंगमधील रबरावरील भेगा, युनिव्हर्सल जॉइंटमधील अडखळ व बाह्यनळीवरील पोचे यांचीही पाहणी केली जाते. युनिव्हर्सल जॉइंट हातात धरून दोन्ही दिशांना वाकवला असता तो सर्व कोनांत सारख्या जोराने हलला पाहिजे. एखाद्या कोनात तो अडत असल्यास आतील सूया गंजलेल्या असतात.

जुळणीचा क्रम

बुश व दंड

प्रथम बाह्यनळीत नवे बुश बसवले जातात. ट्रायम्फ हेराल्ड व स्पिटफायर यांच्या बुशांवर बाहेरच्या बाजूस उंचवटे असून ते नळीवरील छिद्रांत बसतात. उंचवटे छिद्रांत नीट न बसल्यास बुश हळूहळू सरकतो व चक्र वर-खाली हलू लागते. नायलॉन व रबराच्या बुशांना खनिज तेलाचे ग्रीस न लावता रबराला चालणारे वंगण लावले जाते, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. नमद्याचे बुश असल्यास ते आधी तेलात भिजवून घेतात. त्यानंतर दंड आत सरकवला जातो. तो हाताने सहज फिरला पाहिजे. या टप्प्यावर जाणवणारा जडपणा नंतर गाडीत बसवल्यावर कमी होत नाही, उलट वळणानंतर चाके आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती त्यामुळे मंदावते.

यंत्रणेचा मध्यबिंदू

स्तंभ जोडण्यापूर्वी सुकाणू यंत्रणा तिच्या मध्यबिंदूवर आणली जाते. रॅक असलेल्या गाडीत पिनियन एका टोकाच्या अडथळ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजले जातात व त्याच्या निम्मे फेरे परत फिरवले जातात. उदाहरणार्थ, स्पिटफायरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेचार फेरे होतात. त्याच्या निम्मे म्हणजे एक पूर्ण फेरा व त्यापुढे ३१५ अंश एवढे परत फिरवल्यावर रॅक मध्यभागी येतो.

सुकाणू पेटी असलेल्या गाडीत मध्यबिंदूचे महत्त्व अधिक आहे. या पेट्यांमधील मोकळीक मुद्दाम सर्वत्र सारखी ठेवलेली नसते. सरळ जाताना गाडी स्थिर राहावी म्हणून मध्यबिंदूवर ती सर्वांत कमी व दोन्ही टोकांकडे अधिक असते. पेटी मध्यबिंदूपासून बाजूला असताना स्तंभ जोडला, तर गाडी सरळ चालत असताना पेटी तिच्या सैल भागात काम करते. मग चक्रात कायमची मोकळीक जाणवते. ती घालवण्यासाठी पेटीचा समायोजन-स्क्रू आवळला जातो आणि परिणामी वळणावरून परत येताना पेटी मध्यबिंदूवर अडकते. दोष पेटीत नसून जुळणीत असतो.

स्प्लाइन व चक्राचा कोन

स्प्लाइनवर दंड किंवा चक्र कोणत्याही खाचेत बसू शकते. खाचांची संख्या ३६ असेल, तर एका खाचेच्या चुकीने १० अंशांचा फरक पडतो. ३८० मिलिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर तो सुमारे ३३ मिलिमीटर भरतो. अशा वेळी चक्र पुन्हा काढून एक खाच फिरवून बसवणे हा योग्य उपाय होय. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची लांबी कमी-जास्त करून चक्र सरळ करणे हा चुकीचा उपाय सर्रास केला जातो. त्यामुळे चक्र सरळ दिसते, परंतु रॅक मध्यभागी राहत नाही. गाडी एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस जास्त वळते आणि वळणाच्या टोकाला टायर अंगाला घासण्याचा संभव असतो.

युनिव्हर्सल जॉइंटची दिशा

काही गाड्यांत स्तंभ सरळ रेषेत नसून इंजिनाला वळसा घालून जातो. जॅग्वार ई-टाइपच्या खालच्या स्तंभात यासाठी दोन युनिव्हर्सल जॉइंट आहेत. या जोडाचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. जोड कोनात असताना एक बाजू एकसमान वेगाने फिरवली, तरी दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद फिरते. कोन २० अंश असल्यास हा फरक सुमारे सहा टक्के आणि ३० अंश असल्यास सुमारे पंधरा टक्क्यांपर्यंत जातो.

दोन जोडांचे कोन समान असून मधल्या दंडावरील दोन्ही काटे एकाच प्रतलात असले, तर पहिल्या जोडाचा फरक दुसरा जोड भरून काढतो. मात्र मधला दंड स्प्लाइनवर पाव फेरा चुकवून बसवला, तर फरक रद्द होण्याऐवजी वाढतो. २० अंशांच्या दोन जोडांत तो सुमारे तेरा टक्क्यांवर जातो. चालकाला चक्र वळणाच्या काही भागात हलके व काही भागात जड लागते. टायर, चाकांचे कोन व पेटी तपासूनही हा दोष सापडत नाही, कारण तो कोणत्याही झिजलेल्या भागात नसतो.

पिंच बोल्ट

दंड व कपलिंग यांचा जोड बहुधा पिंच बोल्टने पक्का केला जातो. कपलिंगचा गळा एका बाजूने चिरलेला असून बोल्ट आवळल्यावर तो दंडाला घट्ट पकडतो. दंडावर आडवी खाच किंवा सपाट भाग असतो व बोल्ट त्यातून जातो. त्यामुळे गळ्याची पकड सैल झाली, तरी बोल्ट जागेवर असेपर्यंत दंड बाहेर निघू शकत नाही.

संपूर्ण फेरजुळणीतील सर्वांत गंभीर चूक येथेच होऊ शकते. दंड पुरेसा आत गेला नसल्यास बोल्ट खाचेतून न जाता दंडाच्या टोकापलीकडून जातो. बोल्ट आवळला जातो, गळा मिटतो व चक्र फिरवल्यावर चाकेही वळतात. परंतु जोड केवळ काही मिलिमीटर स्प्लाइनच्या घर्षणावर टिकून असतो. म्हणून बोल्ट हाताने, हातोड्याशिवाय, आरपार गेला पाहिजे आणि बोल्ट पूर्ण आवळण्याआधी दंड वर ओढून पाहिल्यास तो खाचेमुळे अडला पाहिजे, अशा दोन कसोट्या लावल्या जातात. बोल्ट जात नसल्यास तो ठोकू नये. खाच समोर आलेली नाही, असाच त्याचा अर्थ असतो.

आघात-क्लॅम्प

हेराल्ड व स्पिटफायर यांच्या स्तंभात आतील दंड दोन भागांचा असून ते एकमेकांत सरकतात व एका क्लॅम्पने धरलेले असतात. या रचनेचे दोन उपयोग आहेत. चालकाच्या सोयीनुसार चक्र मागे-पुढे घेता येते आणि जोराच्या आघाताने क्लॅम्प घसरून स्तंभ काही प्रमाणात आखूड होऊ शकतो. क्लॅम्पमधील षट्कोनी खाचेचा स्क्रू व त्यावरील लॉकनट ठरलेल्या क्रमाने व मापाने आवळावे लागतात. सैल राहिल्यास चक्र चालकाच्या हातात सरकते. क्लॅम्प वेल्ड केल्यास किंवा तेथे आरपार बोल्ट घातल्यास चक्र घट्ट बसते, परंतु त्यामागील सुरक्षेचा हेतू नष्ट होऊन स्तंभ पुन्हा एकसंध दंड बनतो.

विद्युत जोडणी

जुन्या ब्रिटिश गाड्यांत हॉर्नच्या विद्युत मंडलाचा परतीचा मार्ग बहुधा सुकाणू दंडातूनच जातो. रबराचे कपलिंग वीज वाहू देत नसल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू जोडणारी लहान तार बसवलेली असते. फेरजुळणीनंतर हॉर्न न वाजण्याचे कारण पुष्कळदा ही विसरलेली तार असते. दिशादर्शक दिवा आपोआप बंद करणारी खुंटी चाके सरळ असतानाच बसवली जाते. अन्यथा दिवा एका बाजूच्या वळणानंतर बंद होतो व दुसऱ्या बाजूच्या होत नाही. चक्र बसवण्यापूर्वी सर्व तारा दंडापासून दूर बांधल्या जातात.

आटे व आवळणीचे माप

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील दुकानांत मिळणारे बोल्ट प्रामुख्याने मेट्रिक मापाचे असतात. ट्रायम्फ व एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत मात्र इंचाच्या मापाचे यूएनएफ आटे आहेत. यातील एक साम्य फसवे आहे. पाच-सोळांश इंची यूएनएफ बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर असतो, म्हणजे एम ८ बोल्टच्या जवळजवळ सारखाच. पण यूएनएफमध्ये दोन आट्यांमधील अंतर १.०६ मिलिमीटर, तर एम ८ च्या प्रचलित प्रकारात ते १.२५ मिलिमीटर असते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर थोडासा चढतो व अडतो. पान्याने जोर लावल्यास तो पुढे जातो, मात्र त्याबरोबर आटे कापले जातात. नट घट्ट बसल्याचा भास होतो, पण बोल्टची ताकद नाहीशी झालेली असते. बदली बोल्ट मूळ आट्याचा व मूळ प्रतीचा असणे त्यामुळे आवश्यक आहे.

आवळणीच्या एककांतही असाच गोंधळ संभवतो. ब्रिटिश पुस्तिकांत पौंड-फूट, जुन्या जर्मन पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर व आजच्या टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर हे एकक असते. एक पौंड-फूट म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन-मीटर. पुस्तिकेतील २० पौंड-फूट म्हणजे २७ न्यूटन-मीटर होत. तेथे २० न्यूटन-मीटरवर थांबल्यास बोल्ट अपेक्षित आवळणीच्या तीन-चतुर्थांशच आवळला जातो.

नायलॉनचे कडे असलेले नट व वाकवून बसवण्याच्या पत्र्याच्या चकत्या पुन्हा वापरल्या जात नाहीत. स्प्लिट पिनही प्रत्येक वेळी नवीन घातली जाते. पिनेचे छिद्र नटाच्या खाचेशी जुळत नसल्यास पुस्तिकेत अन्यथा सांगितले नसेल, तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळला जातो.

अंतिम तपासणी

बाह्यनळीचे कंस आधी सैल ठेवून, सर्व जोड बसल्यावर व स्तंभ आपल्या नैसर्गिक अक्षरेषेत स्थिरावल्यावर ते शेवटी आवळले जातात. कंस आधी आवळल्यास स्तंभावर कायमचा ताण राहतो व खालचे कपलिंग लवकर झिजते.

त्यानंतर पुढची चाके जमिनीपासून उचलून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले जाते. कोठेही अडखळ, घासण्याचा आवाज किंवा तारांची ओढ जाणवता कामा नये. दोन्ही बाजूंचे फेरे समान भरले पाहिजेत. नंतर गाडी जमिनीवर ठेवून एका व्यक्तीने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्या व्यक्तीने प्रत्येक जोडावर बोट ठेवून हालचाल पाहावी, अशी पद्धत आहे. जोडाच्या दोन बाजूंमध्ये होणारी सूक्ष्म हालचाल डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढली जाते. ही रेघ नटावरून बोल्टवर अखंड असते व नट फिरल्यास ती तुटलेली दिसते. चाकांचे कोन तपासल्यावर प्रथम बंद आवारात मंद वेगाने गाडी चालवली जाते व काही अंतरानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासले जातात.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ सुकाणू यंत्रणेविषयी आहे. त्यानुसार ही यंत्रणा सुस्थितीत असली पाहिजे व सुकाणू चक्रावरील मोकळीक ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. दांड्यांच्या गोलक-जोडांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना परिणामकारकरीत्या जखडलेल्या असाव्यात, असेही या नियमात म्हटले आहे. ३० अंशांची मोकळीक ३८० मिलिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर भरते. ही कायद्याची कमाल मर्यादा असून ती चांगल्या जुळणीचे माप नव्हे. सुस्थितीतील रॅक यंत्रणेत मोकळीक याच्या लहानशा अंशाइतकीच असते.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. अशा वाहनांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध असते. ही वाहने नियमित किंवा व्यापारी वाहतुकीसाठी वापरता येत नाहीत.

आधुनिक जुळणीशी तुलना

आजच्या मोटार कारखान्यांत सुकाणू स्तंभ बाहेरून तयार होऊन येतो व जुळणी-साखळीवर एकत्रित भाग म्हणून बसवला जातो. पिंच बोल्ट आवळणारे विद्युत पाने आवळणीचे माप व बोल्ट फिरल्याचा कोन या दोन्ही गोष्टी मोजतात. केवळ माप योग्य असून कोन अपेक्षेपेक्षा कमी भरला, तर बोल्ट मध्येच अडकल्याचे यंत्र ओळखते. स्प्लाइनवर एक खाच मुद्दाम बंद ठेवल्यामुळे अनेक स्तंभ चुकीच्या कोनात बसूच शकत नाहीत. साखळीच्या शेवटी चाकांचे कोन व चक्राचा मध्य एकाच वेळी तपासला जातो. विद्युत साहाय्य असलेल्या सुकाणू यंत्रणेत कोन मोजणारा संवेदक असल्याने मध्यबिंदूतील चूक लगेच नोंदली जाते. भारतात समोरासमोरच्या टक्करीतील सुकाणू यंत्रणेच्या वर्तनासाठी एआयएस-०९६ हे मानक आहे.

१९५० ते १९७० या काळातील स्पोर्ट्स कारमध्ये यांपैकी बहुतेक सोयी नाहीत. बंद खाचेचे काम रंगाची खूण करते, कोन मोजणाऱ्या पान्याचे काम बोल्ट हाताने घालून पाहणारा कारागीर करतो आणि संवेदकाचे काम मोजलेले फेरे करतात. मुंबईत २०१४ पासून भरणाऱ्या मर्सिडीज-बेंझच्या अभिजात गाड्यांच्या मेळाव्यासारख्या प्रसंगी अशा गाड्या आजही स्वतःच्या शक्तीने रस्त्यावर धावतात. त्यांच्या बाह्यांगावरील रंग व चकाकी प्रेक्षकांना दिसते, परंतु गाडी चालवणाऱ्याची व रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता डॅशबोर्डखाली न दिसणाऱ्या या जोडांवर अवलंबून असते.